बाजेखालची शेगडी

घाम काढायची खोली कशी बांधावी, याचा नकाशा आपल्याकडे निदान दीड-दोन हजार वर्षांपासून आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला १४ वा अध्याय स्वेदाचा, म्हणजे घाम काढण्याचा. विस्तवाच्या मदतीने घाम काढायचे १३ प्रकार त्यात दिलेत. त्यातला ‘जेन्ताक’ नावाचा प्रकार वाचताना मला तर वाटलं, वैद्याने हे शिष्याला सांगितलंय की गवंड्याला?

आधी जागा बघा, म्हणतो. गावाच्या पूर्वेला किंवा उत्तरेला, माती चांगली, जवळ तळं. तळ्यापासून सात-आठ अरत्नी अंतर सोडायचं. अरत्नी म्हणजे कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंतचं माप, आपला दीडेक फूट. खोली गोल, १६ अरत्नी रुंद, तेवढीच उंच, चांगली मातीने लिंपलेली, आणि तिला पुष्कळ खिडक्या. आत भिंतीला लागून एक अरत्नी रुंद, एक अरत्नी उंच असा ओटा, दारापर्यंत नेलेला. मधोमध मातीची भट्टी, चार हातांची, पुरुषभर उंच, अंगाला बारीक बारीक भोकं आणि वर झाकण. तिच्यात खैराची लाकडं पेटवायची. लाकडं पूर्ण जळून धूर गेला, खोली तापली, की मग तेल लावलेल्या माणसाने अंगावर कापड घेऊन आत जायचं.

त्या ओट्याबद्दल पुढे जे सांगितलंय, ते मला सगळ्यात आवडलं. आत जाणाऱ्याला बजावायचं, की घामाने घेरी आली तरी ओटा सोडायचा नाही. ओटा सुटला तर दार सापडणार नाही, आणि जीव तिथेच जाईल. ओट्याला धरून धरून सरकत गेलं की आपोआप दाराशी पोचतो. म्हणजे ओटा बसायला आहेच, पण तो वाट दाखवणाराही आहे. ज्याने हे लिहिलं त्याने कुणाला तरी त्या खोलीत दार चुकताना बघितलं असणार. नुसत्या कल्पनेने असं सुचत नाही.

आणि बाहेर आल्यावर? लगेच गार पाणी अंगावर घ्यायचं नाही, डोळ्यांना अपाय होतो. घटकाभर थांबा, तलखी उतरू द्या, मग सोसेल अशा कोमट पाण्याने न्हा आणि जेवा.

हे सगळं मी वाचायला घेतलं ते माझ्या भाच्यामुळे. आम्ही राहतो भंवरकुआंला. चौकाला आता टंट्या मामांचं नाव दिलंय, पण ऑटोवाले अजून भंवरकुआंच म्हणतात. चहूकडे कोचिंग, होस्टेलं आणि खाणावळी. गच्च्यांवर पोरांचे टॉवेल वाळत असतात. भाच्याने त्याच्या गच्चीवर सॉना बांधायचं काढलं. नकाशा विकत घेतला होता, छापून आणला आणि माझ्यासमोर पसरला. आत सहा बाय पाच फूट, उंची सात. भिंतीत रॉकवूल, त्यावर ॲल्युमिनियमचा कागद, वर पाइनच्या पट्ट्या. दोन पायऱ्यांसारखी बाकं, कारण ऊन हवा वर जाते, ज्याला जास्त हवं त्याने वर बसावं. कोपऱ्यात विजेचा हीटर, त्यावर दगड, दगडांवर पाणी शिंपडायचं. हीटरजवळ खाली हवा आत यायला भोक, समोरच्या भिंतीत बाहेर जायला दुसरं. ८०-९० अंश तापवायची. आणि बाहेर निळा ड्रम, त्यात बर्फाची लादी फोडून टाकायची आणि सॉनातून निघालं की डुबकी.

“मावशी, बर्फ आपल्याला चालत नाही ना?” त्याने हसत विचारलं. मी म्हटलं, बर्फ अभक्ष्यात धरलाय तो खाण्यासाठी, त्यात बसण्याबद्दल शास्त्रकारांना काही सुचलं नसावं. पण २०० लिटर पाण्याचा हिशेब मात्र मी केला. आमच्या नळाला जे पाणी येतं ते नर्मदेचं, जलूदहून ७० किलोमीटर पंपांनी चढवत आणलेलं. १९७० च्या दशकात ते आलं, तोवर हे शहर तळी, विहिरी आणि बावड्यांवर जगत होतं. आमच्या वस्तीच्या नावातही कुआं आहेच. ज्या बाईने कधी रहाटाला हात लावलाय तिला विचारा, २०० लिटर म्हणजे किती खेपा.

नकाशाच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, की एकट्याने वापरू नये. भाच्याने ती वाचलीही नव्हती. माझं लक्ष मात्र तिथेच अडकलं.

बौद्धांच्या विनयपिटकात अशाच खोलीची गोष्ट येते, तिला ते ‘जंताघर’ म्हणतात. ठिकाण वैशाली. भिक्षू गोडधोड खाऊन सुस्तावले, दुखण्यांनी वेढले गेले. तेव्हा जीवक वैद्याने बुद्धांना विनवलं, की यांना फिरायला जागा द्या आणि जंताघर द्या. परवानगी मिळाली आणि मग एकामागून एक अडचणी निघाल्या. पाणी शिरतं, तर जोतं उंच करा. धूर कोंडतो, तर धुराडं काढा. लहान खोलीत भट्टी मध्ये नको, एका बाजूला घ्या, मोठ्या खोलीत मध्ये चालेल. तोंड भाजतं, तर तोंडाला माती लावा. खाली चिखल होतो, तर फरशी घाला, पाणी जायला मोरी काढा. मला हे वाचताना घर बांधणाऱ्या कुणाही बाईचं दोन वर्षांचं बोलणं आठवतं. आधी राहायला जायचं आणि मग रोज एक खोट सापडायची.

वैशाली म्हणजे आपल्या महावीरस्वामींचं माहेरच म्हणा ना. त्याच मुलखात, त्याच काळात, आपल्या परंपरेने मुनींसाठी अगदी उलट वाट धरली. दिगंबर मुनींच्या २८ मूलगुणांत ‘अस्नान’ आहे. जिथे पाणी हाच जीव आणि अग्नीही जीव, तिथे घाम काढायला भट्टी पेटवणं आणि मग अंगावर घागरी रिकाम्या करणं कसं बसणार? आपण गृहस्थ मात्र न्हातो. न्हातो ते गाळलेल्या पाण्याने, आणि गाळण्यात राहिलेली जिवाणी परत विहिरीत सोडून. निदान माझ्या आजीपर्यंत तसंच होतं. त्यामुळे आपल्या घरात पाणी तापवणं हे कधी नुसतं पाणी तापवणं नव्हतं. सरपण झटकून घ्यायचं, गोवरी मोडून आत काही वळवळत नाही ना बघायचं, मग चुलीत घालायची. हे बघणं बायकांचं काम. पुरुषांना गरम पाणी मिळायचं.

हा मुद्दा राजवाड्यांत गेलं तरी सुटत नाही. इंदूरहून मांडू शंभरेक किलोमीटर. चंपा बावडीशेजारच्या हमामाच्या छताला चांदण्यांच्या आकाराची भोकं आहेत, ऊन आत येतं ते तारे होऊन. गरम आणि गार पाण्याची वेगवेगळी सोय आहे. गाईड तारे दाखवतो, लोक फोटो काढतात. हमामांची रीतच अशी, की विस्तव भिंतीपलीकडे ठेवायचा, म्हणजे आतल्याला ऊब मिळते आणि जाळ दिसत नाही. जाळ घालणाराही दिसत नाही.

आणि गार पाण्याची हौस बघायची तर उज्जैनजवळ कालियादेहला जा. मांडूचा सुलतान नासिरुद्दीन खिलजी १५०० मध्ये गादीवर आला, त्याने क्षिप्रेच्या पात्रात हा महाल बांधला. नदीचे पाट काढून पाणी घरातून, घराभोवतून फिरवलं आणि जागोजागी लहान-मोठी कुंडं केली. पुढे शंभर वर्षांनी जहांगीर इकडे आला, तेव्हाही लोक सांगत होते, की या सुलतानाच्या अंगात इतकी उष्णता होती की तो सारखा पाण्यातच असे. जहांगीरने आपल्या आठवणींत त्याच्या मरणाची ऐकीव कथाही लिहून ठेवलीय. सुलतान एकदा दारूच्या नशेत कुंडात पडला. सेवकांनी धडपड करून, केसांना धरून त्याला वर ओढला. शुद्धीवर आल्यावर कळलं, की आपल्या केसांना हात घातला. संतापून त्याने त्यांचे हात तोडायला लावले. पुन्हा तसाच पडला तेव्हा कुणी पुढे झालं नाही आणि तो बुडून मेला. कथा किती खरी हे जहांगीरच जाणे. पण पाण्याच्या काठावर उभ्या असलेल्या, हात बांधून बघत राहिलेल्या त्या माणसांचं चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातला हमाम मुमताजचा म्हणून दाखवतात. छतावर रंगकाम अजून टिकून आहे. १६३१ मध्ये मुमताज त्याच बुऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात गेली. वाचलेल्या मुलीचं नाव गौहरआरा. एवढा देखणा हमाम, आणि बाई गेली ती बाळंतिणीच्या खोलीत. त्या खोलीचं चित्र कुठेही नाही.

मला बोलायचंय ते त्या खोलीबद्दल.

आपल्या मराठी घरांतलं न्हाणीघर म्हटलं की बंब आठवतो. तांब्याचा, पोटातून नळकांडं गेलेला, खाली जाळी, वर झाकण. नळकांड्यात विस्तव आणि भोवती पाणी. वरून गार ओतलं की तोटीतून कढत यायचं. पुण्याच्या तांबट आळीत असली भांडी ठोकणारे अजून आहेत. घंगाळात कढत पाणी, त्यात विसण. ‘विसण’ या शब्दावरून कळतं, की आपल्याकडे गार पाण्याचं काम कढत पाण्याला माणसात आणण्याचं. चरकाच्या सुखोष्ण पाण्याशी ते जुळतं. गच्चीवरच्या निळ्या ड्रमाशी नाही. पण बंबाने न्हाणं झालं, घाम काही निघाला नाही. घाम काढायची आपली खरी खोली म्हणजे बाळंतिणीची.

पन्नाशीच्या पुढच्या बायकांना मी काय सांगू! माजघराच्या पलीकडची अंधारी खोली, सुंभाची बाज, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा आणि बाळंतशोपा टाकून धुरी, अंगावर घोंगडी. तेलाने मर्दन, मग कढत पाणी, मग शेक. दिवसातून दोनदा. चरकाकडे परत जा. त्याच्या १३ प्रकारांत एक ‘कर्षू’ आहे. बिछान्याखाली तोंड अरुंद असा खड्डा खणायचा, बिनधुराच्या निखाऱ्यांनी भरायचा, वर झोपायचं. दुसरा ‘कुटी’, म्हणजे जाड भिंतींची, बिनखिडक्यांची गोल खोली, मध्ये बिछाना, भोवती निखाऱ्यांनी भरलेल्या हसंतिका. हसंतिका म्हणजे शेगडी. शब्दशः हसणारी. किती गोड नाव दिलंय बघा. ही तर आपली बाळंतिणीची खोलीच. गर्भारशीला मात्र घाम काढायचा नाही, असं चरक स्पष्ट बजावतो. आपल्याकडेही शेगडी पेटायची ती बाळ झाल्यावरच.

गांधीजी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसात कैदेत होते, तेव्हा त्यांनी आरोग्यावर गुजरातीत एक लहानसं पुस्तक लिहिलं. लुई कूने या जर्मन माणसाच्या टबातल्या कटिस्नानावर त्यांचा फार विश्वास. पण वाफेचं स्नान सांगताना ते काय सांगतात? विरळ विणलेली खाट, खाली उकळत्या पाण्याची झाकलेली भांडी, वर माणूस, आणि पांघरूण असं, की कडा जमिनीला टेकाव्या. मग झाकण काढा. १९४६ मध्ये उरुळी कांचनला त्यांच्या प्रेरणेने निसर्गोपचार आश्रम निघाला, तो अजून चालू आहे, आणि तिथे बाष्पस्नानाला लोक लांबून येतात, पैसे भरतात. माझ्या आईला ती पद्धत कुणी वाचून दाखवली असती तर तिने विचारलं असतं, “यात नवीन काय? हे तर माझ्या पाचही बाळंतपणांत झालं.” वैद्य, महात्मे, जर्मन, सगळ्यांच्या नावावर खाट आणि विस्तव जमा झाले. जिने ते रोज मांडले तिच्या नावावर काही नाही.

याचं कारण मला असं दिसतं, की त्या खोलीत सोयर होतं. १० दिवस घरातला पुरुष तिकडे फिरकत नसे. जो नकाशे काढतो, पोथ्या लिहितो, तो उंबऱ्याबाहेर. त्यामुळे खोली किती, शेगडी कुठे, निखारे किती, हे कुणी लिहिलंच नाही.

फिनलंडमध्ये नेमकं उलट झालं. सॉना हा शब्दच त्यांचा. तिथल्या खेड्यांत विसाव्या शतकातही बायका सॉनातच बाळंत होत, कारण घरातली सगळ्यात स्वच्छ, उबदार आणि गरम पाण्याची जागा तीच. त्यांच्या जुन्या सॉनाला धुराडं नसे. आधी जाळ करून धूर बाहेर जाऊ द्यायचा, मग आत जायचं, चरकासारखंच. २०२० मध्ये युनेस्कोने फिनलंडच्या सॉना संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. ५५ लाखांच्या देशात ३० लाखांच्या वर सॉना आहेत. त्यांनी बाळंतिणीची खोली उजेडात आणली, तिच्यात सगळं घर बसू लागलं. आपण ती खोली लपवली, मग दवाखाने आले आणि ती बंद झाली.

बंद झाली याचं मला वाईट वाटतं का? नाही. उगाच जुन्याचे गोडवे गायला मी बसलेली नाही. निखारे बिनधुराचे झाले तरी त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतोच. त्याला वास नाही, रंग नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावून माणसं जातात ती यानेच. मग आपल्या आज्या-पणज्या कशा वाचल्या? सगळ्या वाचल्या नाहीत, हे एक. आणि ज्या वाचल्या त्या बऱ्याच अंशी कौलांमुळे. कौलांच्या फटीतून, आढ्याशी राहिलेल्या भगदाडातून हवा खेळायची. छत गळतं म्हणून ज्याला शिव्या घातल्या तेच छत आत श्वास पुरवत होतं. पुढे घरांवर स्लॅब पडले, खिडक्यांना काचा आल्या, आणि शेगडी मात्र तीच राहिली. तिथे घात झाला. डॉक्टर शेगडी नको म्हणतात ते बरोबरच म्हणतात. आजच्या स्लॅबच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कुणी बाळंतिणीला शेकू नये. हे मी अगदी बजावून सांगते.

पण करायचं नाही म्हणून लिहायचंही नाही, असं कुठे आहे? हमामाचं आपण सगळं जपतो, चांदण्या मोजतो. म्हणून कारंज्याच्या माझ्या आत्याची मापं इथे देते. ती सुईण नव्हती. पण भाऊबंदांत कुणीही बाळंत झालं की तिला बोलावणं जाई. भाच्याचा नकाशा मी तिला दाखवला होता. तिने चष्मा लावून दोन्ही भोकं नीट बघितली आणि म्हणाली, हवेचं बरं केलंय. मग विचारलं, “सोबतीला बसणारी कुठं बसते?” मला उत्तर देता आलं नाही. तेव्हा तिने सांगितलं आणि मी लिहून घेतलं.

सरपण झटकून, बघून घ्यायचं. विस्तव अंगणात धरवायचा, आत नाही. धूर पूर्ण गेला, निखारा सगळीकडून लाल झाला, की वर बोटभर राख पसरायची, मगच शेगडी उचलायची. बाजेपासून शेगडीच्या तोंडापर्यंत एक हात जागा. बाज सुंभाचीच, विरळ विणीची. शेगडी कमरेखाली ते पायांकडे, डोक्याकडे कधी नाही. घोंगडी तीन बाजूंनी जमिनीला टेकलेली, उशाकडची बाजू उघडी. बाळ त्या वेळी खोलीत नाही, दुसरीच्या मांडीवर, बाहेर. दार वितभर उघडं, आणि वाऱ्याने लागू नये म्हणून मध्ये वरवंटा. कपाळाला घाम फुटून कानशिलावर ओघळला की पुरे, अंगावरचं काढायचं नाही, तसंच पडू द्यायचं. न्हाणं नंतर.

आणि एक बाई आत, उशाशी, पाटावर. तिने काही करायचं नाही, नुसतं बोलायचं. माहेरचं, भावजयीचं, काहीही. बाळंतिणीने उत्तर दिलं पाहिजे. नीट शब्दांत देते आहे तोवर ठीक. ती नुसती ‘हूं, हूं’ करायला लागली की तिला विचारायचं नाही, हलवून बघत बसायचं नाही. आधी घोंगडी उलटायची, शेगडी ओढून बाहेर न्यायची, दार सताड उघडायचं, आणि मग तिला हाक मारायची.